झोपलेल्यास उठवू नये

बुधवारी सकाळी नऊ वाजता, मावशींच्या लॉजमध्ये, पाच नंबरच्या खोलीत झोपलेल्या लॉरीवाल्याच्या कपाळावर पाण्याचा पहिला थेंब पडला. त्याने तो झोपेतच पुसला आणि कूस बदलली. दुसरा कानात पडला, तेव्हा त्याने डोक्यावर उशी घेतली. मावशी दारात पातेलं घेऊन उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. पण त्याला हलवून जागं करावं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्या घरात तसं मनात यायची सोयच नव्हती.

जिन्याच्या तोंडाशी, वर जाणाऱ्याच्या थेट नाकासमोर येईल अशी एक लाकडी पाटी होती. मावशींच्या मालकांनी, म्हणजे लॉजच्याही मालकांनी, स्वतःच्या हाताने ती रंगवली होती: ‘झोपलेल्यास उठवू नये. आग लागल्यास विचार करू.’

मालक तरुणपणी काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. भट्टीपुढे रात्र काढून पहाटे खोलीवर यायचे, आणि डोळा लागतो न लागतो तोच घरमालकीण गाद्या झोडपायला घ्यायची. सहा वर्षं त्यांनी ती झोडपणी ऐकली. मग नोकरी सोडली आणि उपनगराच्या कडेला, तेव्हा जिथे नुसतं गवत आणि वारा होता, तिथे सात खोल्यांचं हे दुमजली घर बांधलं. फक्त रात्रपाळीच्या माणसांसाठी. जाड पडदे लावले, दारांच्या बिजागऱ्यांना महिन्याच्या महिन्याला तेल दिलं. “माणूस जागेपणी कुणाचाही असतो,” ते म्हणायचे, “झोपला की आपला पाहुणा.” मावशी नव्या नवरी म्हणून आल्या त्या याच घरात. आल्या आल्या कुजबुजायला शिकल्या. पाळणा हलवतानाही त्यांचा आवाज कधी चढला नाही. चादरींच्या घड्या घालताना त्या गुणगुणायच्या, तेही ओठांतल्या ओठांत:

*जग उठे कामाला, माझ्या घरी निजानीज,*
*दमल्याच्या उशापाशी, वाऱ्या, तूही गप नीज.*

तेव्हा खालच्या जेवणघरात चाळीस खुर्च्या होत्या आणि त्याही पुरायच्या नाहीत. आता कारखान्याचं धुराडं पडलं होतं, गवत जाऊन इमारती उठल्या होत्या, आणि चाळीसपैकी चौतीस खुर्च्या भिंतीशी एकीत एक घालून रचून ठेवल्या होत्या. राहायला सहाच जण उरले होते: लॉरीवाला, पाव भाजणारा, एक रखवालदार, छापखान्यातला एक मशीनवाला, आणि इस्पितळातल्या दोन परिचारिका, थोरली आणि धाकटी. तीन नंबरची खोली रिकामी असायची. मालकांनी शेवटची झोप तिथे घेतली होती. मावशी ती रोज झाडायच्या, चादर बदलायच्या आणि दार ओढून घ्यायच्या.

आणि या बुधवारी थेंब पडायचं कारण गुरुवार होता.

उपनगराची समिती एक पुस्तिका काढणार होती: ‘आपल्या उपनगरातील निवासाची व प्रार्थनेची ठिकाणे’. नोंदणी करणारे साहेब गुरुवारी सकाळी दहाला येतील, असं पत्र आलं होतं. एरवी मावशींनी ते पत्र चहाच्या डब्याखाली ठेवून दिलं असतं. पण त्यांचा एकुलता एक मुलगा शहरात मोठ्या नोकरीला होता, आणि तो दर खेपेला एकच गोष्ट काढायचा.

“आई, विकून टाक आता. माझ्याकडे चल. सहा माणसांसाठी किती दिवस जिने चढणार?”

“सहा का होईना, झोपतात ना रे.”

“झोपायला माणसं कुठेही झोपतात.”

शेवटी दोघांत ठरलं. पुस्तिकेत लॉजचं नाव आलं तर मावशींनी चालवायचं. नाही आलं तर गाळेवाल्याला बोलवायचं. हा गाळेवाला घर पाडून तिथे दुकानांची रांग उठवणार होता आणि त्याचा मोजमापाचा टेप खिशात तयारच होता.

म्हणून साहेब यायच्या आधी सगळं लख्ख असावं, या हौसेने मावशींनी मंगळवारी गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. नळवाल्याने टाकी अशी धुतली की तोंड पाहून घ्यावं. फक्त टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा गोळा त्याने घासायला बाहेर काढला होता, तो परत बसवायचा राहिला. बुधवारी सकाळी पाणी आलं, टाकी भरली, भरून वाहिली, गच्चीवर तळं झालं आणि तळं छतातून वाट काढत पाच नंबरला आलं.

मावशींनी आधी शेजारच्या प्रार्थनाघरातल्या किल्लीकाकांना हाक मारली. म्हणजे खिडकीतून फडकं हलवलं. किल्लीकाका प्रार्थनाघराचे राखणदार. प्रार्थनाघराला दारं दोन आणि कुलपं दोन, पण काकांच्या कमरेला किल्ल्या एकोणीस. बाकीच्या सतरा कशाच्या हे त्यांनाही आठवत नव्हतं. मालकांचे ते जुने दोस्त. लॉजमध्ये शिरताना तो जुडगा मुठीत घट्ट धरायचे, किणकिण होऊ नये म्हणून.

ते आले, त्यांनी गच्चीवर जाऊन पाणी बंद केलं. पण छतात मुरलेलं पाणी थोडंच ऐकतंय? सहाच्या सहा खोल्यांत टपटप सुरू झाली. तीन पातेली, एक बादली, एक परात लागली. थोरल्या परिचारिकेच्या पलंगावर ठेवायला भांडं उरलं नाही, तेव्हा किल्लीकाका तिच्या डोक्यावर छत्री उघडून उभे राहिले.

“वहिनी,” ते कुजबुजले, “माझा हात भरून आला. उठवू या का?”

“आग लागलीय का भावजी?”

“नाही. पण बुडायचा नियम मालकांनी लिहिला नाही, त्याला काय करणार?”

तेवढ्यात छताचा एक ओला पोपडा छत्रीवर पडला, छत्री थोरलीवर पडली, थोरली ओरडली आणि तिच्या ओरडण्याने बाकीचे पाचही जागे झाले. मावशींनी मनातल्या मनात पाटीकडे पाहून घेतलं. उठवलं ते पाण्याने. आपण नाही.

सहा ओले जीव उशा-पांघरुणं काखोटीला मारून जिन्यात उभे राहिले, डोळे लालभडक. अशा माणसांना कुठे पाठवायचं?

“माझ्याकडे या,” किल्लीकाका म्हणाले. “प्रार्थना संध्याकाळी सहाला. तोवर बाकं रिकामीच असतात. गादीची आहेत.”

अशी ती वरात बाजूला गेली. प्रार्थनाघर उंच, गार आणि शांत होतं. लांब बाकांवर एकेकाने अंग टाकलं आणि पाच मिनिटांत सहाही जण गाढ झोपले. रखवालदाराने तर जाताना म्हटलंसुद्धा, “मावशी, रागवू नका, पण तुमच्या पलंगापेक्षा हे बरं.”

आता नेहमी ही मंडळी दुपारी चार-साडेचारला आपसूक उठायची. पण झोप मधेच तुटली होती, ती भरून काढायची होती. वर त्या जागेत डासही शिरताना विचार करायचा. साडेपाच वाजले तरी कुणी हललं नाही. लॉरीवाला तालात घोरत होता, आणि प्रार्थनाघराचं छत उंच असल्यामुळे ते घोरणं भरदार वाटत होतं.

किल्लीकाका लॉजच्या मागच्या दाराशी आले. “वहिनी, अर्ध्या तासात लोक येतील. चाळीस तरी. काय करू?”

मावशींनी हात पुसले. जेवणघराकडे पाहिलं. भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

“इकडे आणा.”

“इकडे? प्रार्थना? लॉजमध्ये?”

“चाळीस खुर्च्या आहेत की. तुमची प्रार्थना पाव तास गप्प बसायची. गप्प बसायला या घरापेक्षा बरी जागा सांगा.”

दोघांनी मिळून खुर्च्या काढल्या. मावशींनी एकेक पुसली. ही मोडक्या पायाची, हिच्यावर काच फुंकणारा बसायचा, बसून डुलायचा. ही खिडकीतली, हिच्यासाठी दोन टेलिफोनवाल्या भांडायच्या. पुसता पुसता मावशींना वाटलं, आत्ता जिन्यावरून अनवाणी पावलं उतरतील आणि कुणीतरी म्हणेल, मावशी, चहा. मग खरंच पावलं वाजली, पण ती रस्त्यावरून आली. किल्लीकाका तोंडावर बोट ठेवून एकेकाला प्रार्थनाघराच्या दारातून लॉजच्या दाराकडे वळवत होते. लोकांनीही काही विचारलं नाही. बरीच वर्षं प्रार्थनेला येणारी माणसं, ती खुणेवर चालतात. सहाला पाच कमी असताना चाळीस खुर्च्या भरल्या. सहाला सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या.

आणि सहा वाजून दोन मिनिटांनी नोंदणीवाले साहेब दारात उभे राहिले.

बारीक, उंच, काखेत फळी आणि फळीला चिमट्याने लावलेले कागद. मावशी चहाचं तबक घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थिजल्या. साहेबांनी चाळीस वाकलेल्या माना पाहिल्या, मावशींकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. बोलायची सोय नव्हती. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. साहेबांनी आदराने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग तबकाकडे पाहून आणखी एक ओळ लिहिली. आणि पावलं न वाजवता शेजारी गेले.

मावशींनी तबक तिथेच ठेवलं आणि मागच्या दाराने धावल्या.

प्रार्थनाघराच्या दारात साहेब उभे होते. आत बाकांवर सहा पांघरुणं संथ वर-खाली होत होती. कठड्यावर पाववाल्याचा सदरा आणि दोन टॉवेल वाळत होते. आत राखणीला बसलेल्या किल्लीकाकांनी साहेबांना पाहिलं आणि सवयीने, काही कळायच्या आत, ओठांवर बोट ठेवलं. साहेबांनी इथेही मान डोलावली, बोटाने पांघरुणं मोजली, एक रिकामं बाक हाताने दाबून पाहिलं आणि लिहायला लागले.

किल्लीकाका मावशींच्या कानाशी आले. “वहिनी, हे उलटं लिहितायत. उठवतो सगळ्यांना. उठून चालत तुमच्या घरात गेले की त्यांना कळेल काय ते. तुमच्या लॉजचा प्रश्न आहे.”

मावशींना ते माहीत होतं. एक टाळी वाजवायचा अवकाश. त्यांनी हात उचललासुद्धा. पण धाकट्या परिचारिकेचा पाय पांघरुणाबाहेर आला होता, आणि त्या पायाच्या टाचेला दिवसभर, नव्हे, रात्रभर उभं राहून भेगा पडल्या होत्या. छापखानेवाल्याचं तोंड लहान मुलासारखं उघडं होतं. उचललेल्या हाताने मावशींनी तो पाय पांघरुणाखाली घेतला.

“राहू दे भावजी.”

साहेब निघाले, तेव्हा मावशींनी कोपऱ्यापर्यंत जाऊन त्यांना गाठलं. “साहेब, तुम्ही उद्या दहाला येणार होतात ना?”

“म्हणून तर आज आलो. सांगितल्या वेळी गेलं की लोक चादरी बदलून ठेवतात.”

“पण तुमची गफलत झाली. लॉज ते. माझं. आणि झोपलेत ते प्रार्थनाघर.”

साहेबांनी मावशींकडे फार मायेने पाहिलं. “बाई, पाटी, पत्रक आणि मालक, या तिघांचं मी ऐकत नाही. डोळ्यांनी पाहतो ते लिहितो. आजवर एक नोंद चुकली नाही माझी.” आणि ते वळून चालायला लागले. त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर लोकांनी चहा घेतला आणि छान झाला म्हणाले. मावशींना मात्र स्वतःचा कप कडू लागला.

महिन्याभराने पुस्तिका आली. छापखानेवाल्यानेच पहाटे पहिली प्रत आणली. तोंड उतरलेलं होतं. “मावशी, छापून झाल्यावर वाचलं हो. आधी वाचलं असतं तर यंत्रच बंद पाडलं असतं.”

मावशींनी चष्मा लावला. ‘प्रार्थनेची ठिकाणे’ या मथळ्याखाली, चौथ्या क्रमांकावर: ‘कोपऱ्यावरचे दुमजली घर. भाविक चाळीस. एवढी शांतता अन्यत्र आढळली नाही. प्रार्थनेनंतर चहा.’ आणि ‘निवासाची ठिकाणे’ यात पहिलंच नाव प्रार्थनाघराचं: ‘प्रशस्त व हवेशीर. सहा जणांची सोय. झोप उत्तम. व्यवस्थापक मितभाषी.’

“मितभाषी म्हणजे मीच ना?” किल्लीकाकांनी दोनदा वाचायला लावलं. मग मावशींचा चेहरा पाहून त्यांनी पुस्तिका मिटली.

आठवड्याभरातच परगावचे लोक बॅगा घेऊन प्रार्थनाघरात खोली मागायला येऊ लागले. काका त्यांना बॅगेसकट मावशींकडे पोचवायचे. आणि मावशींकडे अनोळखी माणसं येऊन हळूच विचारायची, “बसलं तर चालेल का?” मावशी शेजारचं दार दाखवायच्या. काहीजण जायचे. काहीजण म्हणायचे, इथेच बरं वाटतंय, आणि खुर्चीत डोळे मिटून बसायचे. खुर्च्या पुन्हा रचायच्या राहूनच गेल्या.

पण करार तो करार. शनिवारी दुपारी मुलगा आला. हातात पुस्तिका, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“आई, निवासाच्या पानावर तुझं नाव नाही.”

“पुस्तिकेत आहे की.”

“प्रार्थनेच्या पानावर. त्याला काय करू? गाळेवाल्याला चारला बोलावलंय. एकदा बोलून घेऊ.”

“किती दिवस झोपला नाहीस?”

“झोपतो की. चार तास. कधी तीन. फोन असतात.” तो जांभई देऊन म्हणाला, “पाच मिनिटं पडतो. चारला उठव.”

मावशी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तीन नंबरचं दार उघडून दिलं. जिना चढून बूट काढण्याइतकाही जीव त्याच्यात उरला नव्हता. अंग टाकलं आणि गेलाच. झोपेत तो अजूनही डावा हात गालाखाली घ्यायचा. मावशींनी पडदा ओढला. उशीखाली त्याचा फोन घुंइंघुंइं करायला लागला, तेव्हा तो काढून चादरींच्या कपाटात, सर्वांत खालच्या चादरीखाली ठेवला. रात्रपाळीवाल्यांची घड्याळं त्या तिथेच ठेवत असत.

चारच्या ठोक्याला गाळेवाला आला. टेप हातातच.

“चिरंजीव कुठायत?”

“झोपलाय.”

“मग उठवा.”

“आमच्याकडे उठवत नाहीत,” मावशी म्हणाल्या आणि पाटी दाखवली. “बसा. चहा टाकते.”

गाळेवाला जेवणघरात शिरला आणि दारातच घुटमळला. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. पलीकडे एक तरुण बाई मान खाली घालून. कुणीच बोलत नव्हतं. टेप त्याच्या हातातून सरकन आत गेला, त्या आवाजाने तोच दचकला.

“हे कोण?” तो नकळत कुजबुजला.

“येतात. बसतात थोडा वेळ.”

“कशासाठी?”

मावशींनी पुस्तिका त्याच्यासमोर ठेवली. त्याने वाचलं, मागे-पुढे पानं उलटली, परत वाचलं.

“म्हणजे हे प्रार्थनास्थळ आहे?”

“छे हो. लॉज आहे. रात्रपाळीवाल्यांचं. साहेबांची गफलत झाली.”

“छापलंय इथे. समितीने.”

“खरंच लॉज आहे. विचारा कुणालाही.”

गाळेवाल्याने खिडकीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

“तुमच्या चिरंजीवांनी आधी सांगायला हवं होतं,” गाळेवाला आणखी हळू आवाजात म्हणाला. “अशा जागेला कुदळ लावायची म्हणजे... उद्या अख्खी वस्ती माझ्या दारात येऊन बसेल. आणि ही गप्प बसणारी माणसं. ओरडणाऱ्यांना तरी उठवता येतं. नको बाई.” त्याने चहा मात्र पूर्ण घेतला, बशीतला थेंबही ठेवला नाही. आणि जाताना दारात, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मान झुकवली.

मुलगा उठला तेव्हा खिडकीच्या फटीतून कोवळा उजेड येत होता. तो डोळे चोळत जिना उतरला. मावशी खालच्या पायरीवर बसून चादरींच्या घड्या घालत होत्या.

“किती वाजले?”

“सहा.”

“अरे देवा. दोन तास झोपलो?”

“सकाळचे सहा.”

तो रेलिंगला धरून उभा राहिला. “ते आले होते?”

“आले. चहा घेतला. जागा नको म्हणाले.”

“आई, मला उठवलं का नाहीस?”

मावशींनी घडी न मोडता मानेनेच पाटीकडे खूण केली. त्याने पाहिलं. लहानपणी याच पायरीवर बसून, याच अक्षरांवरून बोट फिरवत तो वाचायला शिकला होता. ‘झ’ काढायला अवघड म्हणून रडला होता आणि बाबांनी त्याचं तोंड दाबून, हसत हसत, अंगणात नेलं होतं. वर माणसं झोपलीत रे राजा. त्याने बोट लावून पाहिलं. ‘झ’ची शेपटी अजून तशीच वाकडी होती.

“आणि आग लागली असती तर?”

“विचार केला असता,” मावशी म्हणाल्या.

तो हसला. मग जांभई आली, ती त्याने दाबली नाही. “आणखी थोडा वेळ पडू का गं?” असं म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता वर गेला. आठवी पायरी करकरते हे त्याच्या पायांना आठवत होतं. त्याने ती गाळली.

सातला दार उघडलं. पिठाचा वास, शाईचा वास, इस्पितळाचा वास, एकापाठोपाठ एक आत आला. लॉरीवाला नेहमीसारखा मोठ्याने काहीतरी सांगत होता. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. तीन नंबरमध्ये पाहुणा झोपलाय.”

सहाही जणांनी जिन्याच्या तोंडाशी बूट काढून हातात घेतले.